माणिकताईंची सनई

माणिकताईंना हेवा वाटायला मोठं कारण लागत नसे. कुणाच्या तुळशीला मंजिऱ्या जास्त आल्या, कुणाच्या दारात नव्या सुनेची रांगोळी उजवी ठरली, की त्यांच्या कपाळावर दोन उभ्या रेघा उमटायच्या आणि त्या म्हणायच्या, "आहे बाई. चांगलं आहे." त्या 'चांगलं आहे'ला आमची सगळी ओळ भ्यायची. आणि तरी ओळीतली कुठलीही बाई बाळंत झाली की डिंकाचे लाडू पहिल्यांदा त्यांच्याच घरून जायचे. देताना सांगायच्या, "तुझ्या आईचे येतीलच गं, पण माझे आधी खा."

हिंगणघाटात नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची घरं होती. माझे यजमान हायस्कुलात मराठी शिकवायचे. मी नागपूरला बी. ए. होऊन इथे नांदायला आले, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या उजव्या हाताला माणिकताई. त्यांचे यजमान वासुदेवराव कापसाच्या एका जिनिंगमध्ये हेडक्लार्क. माणूस इतका अबोल, की त्यांनी जेवताना मीठ मागितलं तर माणिकताई ते दुसऱ्या दिवशी येऊन आम्हाला सांगत. डाव्या हाताचं घर बरेच दिवस रिकामं होतं.

माणिकताईंचं माहेर आर्वीचं. वडील भजनात पेटी वाजवायचे आणि त्यांनी ह्या थोरल्या मुलीला ती शिकवली होती. लग्न ठरलं तेव्हा पेटी बरोबर द्यायचं बोलणं झालं. पण सासूबाईंनी निरोप पाठवला, सून पाठवा, पेटी नको. आमच्याकडे बायका पेटी वाजवत नाहीत. पेटी धाकट्या बहिणीला गेली. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकली, आणि दर वेळी शेवट एकच. "तिला मिळाली. चांगलं आहे."

वडील गेल्यावर त्यांच्या वाट्याला आला तो वडिलांच्या पूजेच्या मुकट्याचा एक तुकडा. पिवळसर, मऊ, अस्सल रेशीम. तो त्यांनी देवघरात जपून ठेवला होता.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीत वासुदेवराव जिनिंगच्या कामाला मुंबईला गेले, आणि येताना रेडिओला जोडायचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. सोबत नव्या जातीच्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या तीन मोठ्या रेकॉर्डी. जुन्या काळ्या रेकॉर्डी बाजारपेठेतल्या एका काकांकडच्या चावीच्या ग्रामोफोनवर आम्ही सगळ्यांनीच ऐकल्या होत्या. त्या जड, ठिसूळ. आणि एक बाजू संपेस्तोवर चहासुद्धा उकळत नसे. ह्या नव्या हलक्या, किंचित वाकणाऱ्या, आणि सुई एकदा ठेवली की भाजी निवडून होईपर्यंत वाजत राहणाऱ्या. तिन्हींपैकी एक सनईची होती. पहिल्यांदा लावली तेव्हा माणिकताई प्लेअरसमोर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. स्वर शोधत होती ती बोटं. वासुदेवराव दारातून बघत होते. मग ते टोपी घालून कामावर गेले.

मग दुपारच्या बैठका सुरू झाल्या. बैठक कसली, मी, कधी समोरच्या मंदाबाई, आणि रोज न चुकता आनंदाबाई.

आनंदाबाईंची शेती समुद्रपूरकडे. मुलांच्या शाळेसाठी त्यांनी गावात घर केलेलं. माणूस मोकळा, आवाज खणखणीत, हसू लागल्या की पदर तोंडाशी न्यायचंही भान नाही. माणिकताईंची आणि त्यांची गट्टी म्हणजे एक नवलच होतं. एक सोवळ्यातली, मोजून बोलणारी, दुसरी दारातूनच हाक घालणारी, "माणिक, चहा टाक वं, मी येऊन राह्यली!" आनंदाबाईंनी तेव्हा लाखवातींचं व्रत धरलं होतं. घरच्या शेतातला कापूस परडीत घेऊन यायच्या, सरकी काढायच्या, बोटांनी पिंजायच्या आणि मांडीवर वाती वळत बसायच्या. सनई चालू, वाती चालू.

"हे वाजते तं हात कसा आपोआप फिरते," त्या म्हणायच्या. "नाई तं घरी दहा वाती झाल्या का मले झोप येते."

माणिकताई हे ऐकून अशा खुलायच्या, जणू सनई त्याच वाजवत होत्या. मला वाटतं, त्यांच्याजवळ आपलं असं काही आहे आणि ते ऐकायला कुणीतरी मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्याकडे येतं आहे, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तो प्लेअर पुढे विकला गेला असता तरी त्यांनी सोसलं असतं. आनंदाबाईंचं येणं थांबलेलं मात्र त्यांना सोसणार नव्हतं.

आणि नेमकं तेच होऊ लागलं.

मार्गशीर्षात थंडी पडली. आमच्याकडची थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा उलतात, डोक्यावरून लोकरी शाल काढली की केस उभे राहतात. त्यात जिनिंगचा हंगाम भरात. कापसाच्या गाड्या रात्रंदिवस येत होत्या आणि हवेत सगळीकडे बारीक कापूस तरंगत होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर, दुधाच्या सायीवर, पापण्यांवर. अशातच एका दुपारी सनई सुरू झाली आणि तिच्या मागून कुणीतरी शेंगा फोडत बसल्यासारखा आवाज येऊ लागला. कट्, कट्, चट्.

"हे काय वं?" आनंदाबाईंनी वात थांबवली.

"धूळ असेल." माणिकताईंनी सुई उचलली. रेकॉर्डवर बारीक पांढरे धागे बसले होते. त्यांनी देवघरातून तो मुकट्याचा तुकडा आणला आणि रेकॉर्ड पुसली. पुसली म्हणजे कशी, गोल गोल, हलक्या हाताने, देवाची मूर्ती पुसावी तशी. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. माणिकताई जितक्या पुसत, तितके धागे येऊन बसत. बोटांनी झटकायला जावं तर एकाला सोडून दुसऱ्याला चिकटत. एकदा रेकॉर्ड उचलताना त्यांच्या बोटाला चटका बसला, चट् असा आवाजही आला, आणि त्यांनी किंचाळून हात मागे घेतला. यंत्रातून वीज येते म्हणून वासुदेवरावांनी जिनिंगचा वायरमन आणला. त्याने सगळं उघडून बघितलं, बंद केलं आणि सांगितलं, "मशीन चांगली आहे, बाई. काही नाही तिच्यात." त्यावर माणिकताईंचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी प्लेअरची दृष्ट काढली. मीठमोहऱ्या, वाळक्या मिरच्या, सगळं. मिरच्यांचा ठसका न येता त्या जळल्या, म्हणजे दृष्ट चांगलीच लागलेली होती.

"कुणाची लागली असेल?" मी विचारलं.

"कुणाकुणाची म्हणून सांगू?" असं म्हणून त्यांनी डाव्या बाजूला मान वळवली.

डाव्या हाताच्या घरात तेव्हा नुकतीच मीरा राहायला आली होती. बँकेत लागलेल्या कृष्णकांताची बायको, वय विशीचं, हसरी, जरा गबाळी. पदर नेहमी खोचलेला, हात नेहमी ओले. आणि तिच्याकडेही प्लेअर होता! मुंबईच्या दिराने लग्नात दिलेला, माणिकताईंच्या प्लेअरपेक्षा लहान, लाकूड हलकं, आणि रेकॉर्डी अवघ्या दोन. ज्या दिवशी टांग्यातून प्लेअरची ती पेटी उतरली, त्या दिवशी माणिकताई माझ्या ओसरीवर उभ्या होत्या. दोन उभ्या रेघा उमटल्या. "तिलाही आहे," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

इकडे खरखर वाढत होती. एका दुपारी सनई एवढी तडतडली, की आनंदाबाई हसत म्हणाल्या, "माणिक, ही सनई हाये का लाह्या फुटून राह्यल्या?"

माणिकताईंनी सुई उचलली. त्यांच्या तोंडाचा रंग बदलला होता.

"हसतेस काय? तुझ्यामुळं होतंय हे."

"माह्यामुळं? मी काय केलं?"

"तो कापूस. रोज आणतेस, इथं पिंजतेस, सगळ्या खोलीत उडवतेस. तो बसतो रेकॉर्डवर. देवाच्या वाती करतेस की माझ्या सनईची वाट लावतेस?"

आनंदाबाईंचा हात परडीवर तसाच राहिला. "अवं, सगळ्या हिंगणघाटात कापूस उडून राह्यला. तो बी मीच उडवते काय?"

"बाहेरचा बाहेर राहतो. माझ्या घरात तुझाच आहे."

आनंदाबाईंनी एकेक करून वाती उचलल्या, परडीवर फडकं झाकलं. "बरं बाई. तुया घरातला घेऊन जाते." आणि उठून गेल्या. चहा गार होऊन गेला. माणिकताईंनी तो पुन्हा तापवला नाही, टाकूनही दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा कप तिथेच होता.

आता येईल, मग येईल, म्हणून त्यांनी वाट बघितली. आनंदाबाई आल्या नाहीत. आणि मग एका दुपारी, मी धुणं वाळत घालत असताना, डावीकडच्या घरातून रेकॉर्डचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग ते खणखणीत हसू. माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. उजवीकडच्या भिंतीपलीकडे माणिकताईही धुणंच घालत होत्या. त्यांनीही ते हसू ऐकलं होतं.

"कोण हसलं गं, नलू?"

"ऐकू नाही आलं नीट," मी म्हणाले.

"खोटं बोलू नको. तिच्या हसण्यानं नदीपलीकडची म्हैस उठते."

त्या दिवसापासून माणिकताईंना माझ्या स्वयंपाकघराचा फार लळा लागला. कारण त्याच्या खिडकीतून मीराची मधली खोली सरळ दिसायची. कधी विरजण मागायला, कधी जात्याचा खुंटा सैल झालाय म्हणून, कधी काहीच न सांगता त्या यायच्या आणि खिडकीजवळच्या पाटावर बसायच्या. मी पोळ्या करायची, त्या बघायच्या.

"वाती वळतेय," त्या म्हणाल्या. "बघ, तिच्याकडेही वळतेय. कापूस उडतोय की नाही?"

"उडतोय," मी म्हणाले.

"आता बघ. आता तडतडेल."

आम्ही दोघी कान देऊन थांबलो. तव्यावरची माझी पोळी करपली. मीराची रेकॉर्ड स्वच्छ वाजत होती. कुठे एखादं कट् व्हायचं, एवढंच. तेवढ्यात मीरा उठली, सुई उचलली, खांद्यावरचं पंच्याचं फडकं बादलीत बुडवलं, घट्ट पिळलं आणि त्या ओलसर फडक्याने सबंध रेकॉर्ड पुसून काढली. जेवणाचं ताट पुसावं तशी.

माणिकताई उठून उभ्या राहिल्या. "अगं, अगं! ओलं फडकं! वेडी आहे का ही? सुई गंजेल. रेकॉर्ड कुजेल तिची." आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मला वाटतं कितीतरी दिवसांनी, उजेड पडला. "थांब तू. आठ दिवसांत बघ."

आठ दिवस गेले. काही कुजलं नाही. माणिकताई रोज खिडकीत. "आज तरी?" अशा नजरेनं माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायची. घरी जाऊन त्या आपली सनई लावायच्या, आणि लावण्याआधी मुकट्याने पुसायच्या, आता हलक्या हाताने नाही, जोर लावून. भिंतीपलीकडून मला तो रेशमाचा घस् घस् आवाज यायचा. मग सनई, आणि सनईवर लाह्या. मग शांत.

एकदा वासुदेवराव चक्क आमच्या दारात येऊन म्हणाले, "ती आजकाल जेवत नाही नीट." तेवढंच. आणि गेले. मी काय करणार होते? आनंदाबाईंना म्हटलं, जा की एकदा. त्या म्हणाल्या, "मी कायले जाऊ? मले कापूसवाली म्हनते. तिनं बोलवावं ना. तिचे पाय का मोडले?" त्यांचंही खरं होतं. आणि माझी खिडकी सोडली, तर माणिकताई कुणाकडे स्वतःहून बसायला गेल्या आहेत, असं त्या ओळीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

संक्रांत झाली. मीराचं लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू. ती घरोघरी बोलावणं करत फिरली. माझ्या घरातून निघून उजवीकडे गेली, तेव्हा मीही मागून गेले. मला राहवलं नाही. हळदीकुंकवाला नाही म्हणता येत नाही, हे माणिकताईंना माहीत होतं. नाही म्हणणं म्हणजे समोरचीच्या कुंकवालाच नाही म्हणणं. त्यांनी पाट मांडला, मीराच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"येईन हो."

"आणि ताई," मीरा म्हणाली, "एक विचारू का? माझ्याकडे दोनच रेकॉर्डी आहेत, सगळ्यांच्या ऐकून झाल्या. आनंदाबाई म्हणतात, तुमच्याकडची सनई फार सुंदर आहे. आणाल का येताना?"

माणिकताईंनी तिच्याकडे बघितलं. "आनंदा म्हणाली?"

"हो. रोज म्हणतात."

मीरा गेल्यावर माणिकताईंनी पाट उचलून भिंतीशी लावला. मग मला म्हणाल्या, "नेते. नक्की नेते. तिथं तर सगळ्या बायका असतील, आनंदाची परडी असेल. वाजू दे तिच्या प्लेअरवर. तडतडली की सगळ्यांना कळेल कापूस कुणाचा आणि दोष कुणाचा. माझ्या यंत्राचा नाही, माझ्या रेकॉर्डचा नाही." त्यांचे डोळे चमकत होते. त्यांना सनई बिघडलेली ऐकायची होती. आपलीच सनई. हेवा माणसाला कुठे नेऊन बसवतो ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि तरी मला त्यांचा राग आला नाही.

मीराच्या ओसरीवर ऊन पडलं होतं, तिथेच सतरंजी घातली होती आणि प्लेअर लांब वायरीने बाहेर आणून स्टुलावर ठेवला होता. बायका जमल्या होत्या. आनंदाबाई भिंतीशी, मांडीवर परडी. व्रत म्हणजे व्रत, हळदीकुंकवातही हात थांबायचा नाही. माणिकताई आत आल्या, तसा आनंदाबाईंचा हात थांबला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं नाही ते सगळ्यांनी बघितलं.

कुंकू झालं, अत्तर झालं, वाण म्हणून मीराने सगळ्यांना आरशाच्या डब्या दिल्या. "चांगलं आहे," माणिकताई म्हणाल्या. मग मीराने सनईची रेकॉर्ड घ्यायला हात पुढे केला आणि दुसऱ्या हातातलं ओलं फडकं उचललं.

"अं हं!" माणिकताईंनी रेकॉर्ड मागे घेतली. "ही अशी पुसायची नाही. ओलं लावायचं नाही हिला. मी दाखवते."

त्यांनी पदराच्या आतून मुकट्याची घडी काढली. सतरंजीवर बसल्या, रेकॉर्ड मांडीवर नीट धरली, आणि सगळ्या बायकांसमोर, शिकवायच्या आवेशात, पुसायला लागल्या. "अशी. गोल. रेशमानंच. वडिलांच्या पूजेचं आहे हे. बोट लागू द्यायचं नाही. आणि हात थांबवायचा नाही." घस् घस् घस्. उन्हात ते रेशीम चमकत होतं. त्यांनी एवढ्या मनापासून पुसलं, की मंदाबाई बोलता बोलता गप्प झाल्या.

"झालं. आता बघा." त्या उठल्या आणि रेकॉर्ड दोन्ही हातांनी आडवी धरून स्टुलाकडे निघाल्या. वाट आनंदाबाईंच्या परडीवरून होती. परडीत पिंजलेल्या कापसाचे हलके पुंजके होते.

ते उठले.

मी दुसरा शब्द वापरणार नाही, कारण मी डोळ्यांनी बघितलं. वारा नव्हता, कुणी फुंकर मारली नव्हती. परडीतले सगळ्यात हलके धागे आधी उभे राहिले, मांजराच्या पाठीवरच्या केसांसारखे, आणि मग टपाटप उड्या मारून रेकॉर्डला खालून जाऊन चिकटले. एक, आणखी एक, मग एक मोठा पुंजका. माणिकताई दचकून मागे सरल्या तसा एक लांब धागा त्यांच्याबरोबर ओढत गेला.

शाळेत असताना कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आम्ही सगळ्यांनीच खेळला होता. माणिकताईंनीही खेळला असणार. पण आपण रोज दुपारी देवघरातल्या रेशमाने तोच खेळ खेळतो आहोत, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या बी. ए.च्याही नाही.

मग आनंदाबाई हसल्या. नदीपलीकडची म्हैस उठेल असं.

"ओ माय! ओ माय गं! माणिक, मी नाई वं! मी हातबी नाई लावला! तो सोताच गेला तुयाकडे! पाह्य ना, कसा धावला!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "एवढी कायले घासून राह्यली वं तिले? तूच बोलावून राह्यली कापसाले, अन् बदनाम मले केलं!"

बाकीच्या बायकाही हसू लागल्या. मीरा मात्र हसली नाही. खाली मान घालून ती फडकं नुसतंच हातात चुरगाळत उभी होती, आणि ते मला आवडलं.

माणिकताई रेकॉर्ड धरून ओसरीच्या मध्यावर उभ्या होत्या. कापसाने पांढरी झालेली रेकॉर्ड, दुसऱ्या हातात वडिलांचं रेशीम. मला वाटलं, आता ह्या घरी निघून जातील आणि पुन्हा ह्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाहीत. त्यांनी आधी रेशमाकडे बघितलं, त्याची घडी घातली, आणि पदरात ठेवली. मग हात पुढे केला.

"मीरा, तुझं ते ओलं फडकं दे."

मीराने दिलं. माणिकताईंनी स्वतः पुसली, दोनदा. धागे निघून आले. सुई ठेवली. सनई वाजली, मागे कुठे एखादंच कट्. ती त्यांच्या घरात दिवाळीत वाजली होती तशी वाजत होती. पण वाजत होती ती मीराच्या प्लेअरवर, मीराच्या ओसरीवर, आणि भिंतीशी बसून आनंदाबाई डोळे पुसत सनईच्या सुरावर वाती वळत होत्या. सगळ्या म्हणाल्या, काय सुंदर आहे हो तुमची रेकॉर्ड. माणिकताई रेकॉर्ड संपायच्या आधी उठून गेल्या. रेकॉर्ड तिथेच राहिली. मी उचलून नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरून सनई ऐकू आली, स्वच्छ. एकट्या ऐकत होत्या. आनंदाबाई आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. डावीकडून हसू येतच होतं. माणिकताई माझ्या खिडकीतही आल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटली.

मग एका सकाळी त्या दारात उभ्या. इस्त्रीचं लुगडं, हातात तिळगुळाचा डबा.

"चल, नलू. आनंदाकडे तिळगूळ द्यायचा राहिलाय."

"तुम्ही जाताय?"

"रथसप्तमी व्हायच्या आत द्यायला हवा ना? चल. एकटी गेले तर तिला वाटेल मी मुद्दाम आले."

आनंदाबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत, पण पाय आवरून जागा केली. तिळगूळ झाला, पाणी झालं. कोंबड्या फिरत होत्या. माणिकताईंनी परडीतून कापसाचा एक पुंजका उचलला, बोटांनी पिंजला आणि वात वळायला लागल्या. पेटीवर चालायची ती बोटं, पण वातीवर त्यांचा हात बसेना. एका टोकाला दोरी, दुसऱ्या टोकाला बोळा.

आनंदाबाईंनी बघितलं. "ही देवापुढं लावू का शेगडीत घालू?"

"शेगडीत घाल. तुझ्या लाखात धरू नको."

"नाई धरत." आनंदाबाईंनी ती वात हातात घेतली, उलगडली आणि पुन्हा वळून दिली. "अशी. हलक्या हातानं. तुले सगळंच घासायची सवय हाय."

माणिकताईंनी दुसरा पुंजका घेतला. खाली बघतच म्हणाल्या, "मी चुकीचं बोलले त्या दिवशी. तुझा कापूस नव्हता."

"मले ठाऊकच होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मले बी कुठं ठाऊक होतं वं? पन माह्या कापसावर माहा भरोसा होता." आनंदाबाई हसल्या, ह्या वेळी बारीक. मग जरा थांबून म्हणाल्या, "येते मी उद्या. मीराले बी आनू काय? पोरगी एकटी राह्यते दुपारची. माय नाई तिले."

माणिकताईंच्या कपाळावर त्या दोन रेघा उमटल्या. अर्धवट वळलेली वात बोटांत तशीच राहिली. मी कोंबड्यांकडे बघू लागले.

"आण," त्या अखेर म्हणाल्या. "आण तिला. पण ती दाराजवळ बसेल. माझ्या शेजारी तू."